लाटेला तळ लागतो तेव्हा

त्सुनामीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं : समुद्राच्या तळाशी. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि आकडेमोड घरच्या कॅलक्युलेटरवर पडताळता येईल अशी ठेवली आहे.

प्रश्न : भर समुद्रात बोटीवरच्या माणसाला जी लाट जाणवतही नाही, ती किनाऱ्याशी घराएवढी कशी होते? आणि तळ चार किलोमीटर खाली असताना वरून जाणाऱ्या लाटेचं तळाशी देणंघेणं काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. लाटेपर्यंत तळाचा परिणाम पोचतो की नाही, हे नुसत्या खोलीवर ठरत नाही. खोलीच्या मानाने लाट किती लांब आहे, यावर ठरतं. वाऱ्याने उठलेली, दर १० सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे १५० मीटर लांब असते. ७५ मीटर खाली गेलं की तिचा मागमूस उरत नाही. त्सुनामीची एका शीर्षापासून (माथ्यापासून) दुसऱ्या शीर्षापर्यंतची लांबी महासागरात २०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. तिच्यापुढे चार किलोमीटर खोल समुद्र म्हणजे ताटात ओतलेलं पाणी. पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी एकदमच पुढेमागे सरकतं, त्यामुळे तळावरचा प्रत्येक मोठा डोंगर आणि दरी त्या हालचालीत आपला हात घालते.

वेगाचा हिशेब अगदी सोपा आहे. खोली मीटरमध्ये घ्या, ९.८ ने गुणा, वर्गमूळ काढा. उत्तर मीटर प्रतिसेकंदात येतं, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. ४,००० मीटर खोलीवर १९८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७१३ किलोमीटर. १,००० मीटरवर ताशी ३५६, १०० मीटरवर ११३, आणि १० मीटरवर ३६. लाटेचा आवर्तकाल मात्र वाटेत बदलत नाही. दोन शीर्षांमध्ये खोल पाण्यात २० मिनिटं जात असतील, तर किनाऱ्याजवळही २० मिनिटंच जातात. वेग घटला आणि काळ तोच राहिला, म्हणजे लांबी आखडणार : ४,००० मीटरवर २३७ किलोमीटर लांबीची लाट १० मीटर खोलीवर १२ किलोमीटरची होते.

ऊर्जा तेवढीच, ती वाहून नेणारा वेग मंदावलेला, मग उंची वाढण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. ही वाढ खोलीच्या गुणोत्तराच्या चौथ्या मुळाइतकी (वर्गमुळाच्या वर्गमुळाइतकी) असते. ४,००० वरून १० मीटरवर आलो की गुणोत्तर ४००. त्याचं चौथं मूळ ४.५ च्या जरासं खाली. म्हणजे महासागरातली अर्ध्या मीटरची लाट २.२ मीटरची होते. आकडा ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण पाण्याचा प्रवाह बघा : खोल समुद्रात ही लाट पाण्याला जेमतेम अडीच सेंटीमीटर प्रतिसेकंद ढकलते, तर १० मीटर खोलीवर दोन मीटर प्रतिसेकंदाहून जास्त. आणि तो ओघ वाऱ्याच्या लाटेसारखा पाच सेकंदांत मागे फिरत नाही, कित्येक मिनिटं एकाच दिशेने लोटत राहतो. घरं पडतात ती या रेट्याने.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवरून भूकंपानंतर साधारण दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने गेला. बंगालच्या उपसागरात त्याने मोजलेली लाट सुमारे ६० सेंटीमीटरची होती. पुढे किनाऱ्यांवर तिने काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. ४.५ पटीच्या पुढची मजल कोण गाठून देतं? खाडीचा निमुळता आकार, तळाने केलेलं वळण आणि उपसागराचं हेलकावणं. पुढची उत्तरं त्याबद्दलच आहेत. एक सावधगिरी : लाटेची उंची जिथे खोलीच्या जवळपास पोचते, तिथे हे चौथ्या मुळाचं सूत्र थांबवायचं. शून्य खोलीवर ते अनंत उंची देतं, आणि काही उत्साही मंडळी खरोखरच तिथपर्यंत ते ताणतात.

प्रश्न : त्सुनामीच्या आधी समुद्र आत ओढला जातो. हेही तळाच्या आकारामुळेच का?

उत्तर : मुळात नाही. भूकंपाच्या वेळी तळाचा एक पट्टा उचलला जातो आणि बहुधा शेजारचा खचतो. खचलेल्या बाजूला असलेल्या किनाऱ्याकडे आधी द्रोणी (दोन शीर्षांमधला खोलगट भाग) निघते, उचललेल्या बाजूकडे आधी शीर्ष. २००४ मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर पाणी आधी ओसरलं ते याच कारणाने. तळाचा उतार फक्त दृश्य ठरवतो : सपाट तळावर तीच द्रोणी शेकडो मीटर वाळू उघडी पाडते, कड्याखाली जेमतेम काही मीटर. पाणी ओसरलं नाही म्हणून लाट येणार नाही, असा अर्थ कधीच काढू नका.

प्रश्न : तळाचा उतार तीव्र असलेला किनारा जास्त सुरक्षित की मंद उताराचा? दोन्ही बाजूंनी ठामपणे लिहिलेलं वाचलं.

उत्तर : दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर आहेत, कारण 'धोका' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला आहे.

तीव्र उतार आधी पाहू. खोली ४,००० मीटरवरून एकदम २०० मीटरवर आली, तळाला जणू पायरीच आहे, अशी कल्पना करा. वेग १९८ वरून ४४ वर येतो. अशा पायरीवर लाटेच्या उंचीचा सुमारे ६३ टक्के भाग परतून जातो. ऊर्जेच्या हिशेबात ४० टक्के. पुढे गेलेली लाट १.६ पट होते. हीच खोली हळूहळू कमी झाली असती, तर चौथ्या मुळाच्या नियमाने ती २.१ पट झाली असती. म्हणजे पायरी लाटेचा काही भाग झिडकारते, तर सावकाश चढ तिला जवळजवळ सगळीच आत घेतो. खरा खंडान्त उतार, म्हणजे खंडाच्या कडेला तळ खोल समुद्रात उतरतो तो भाग, या दोन्हींच्या मधला असतो. तो दहा-पन्नास किलोमीटर रुंद आणि लाट दोनशे, त्यामुळे लांब लाटेला तो पायरीसारखा वाटतो, तर आखूड लाटेला घसरगुंडीसारखा. एकाच उतारावर दोन भूकंपांच्या लाटा वेगळ्या वागतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

मालदीवची बेटं खोल समुद्रातून जवळजवळ उभी वर आली आहेत, त्यांच्याभोवती रुंद समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ तळ, म्हणजेच मंच) नाही. २००४ मध्ये तिथे लाट बहुतेक ठिकाणी काही मीटरपलीकडे चढली नाही, कारण चढायला तिला अंतरच मिळालं नाही. अर्थात बेटंच समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटर उंच असतील, तर तेवढी लाटही आरपार जाते. जीवितहानी तिथेही झाली.

मंद उतारावर तीन गोष्टी घडतात. लाट उशिरा येते : १०० किलोमीटर रुंद आणि सरासरी ३० मीटर खोल मंच ओलांडायला तिला दीड तासाहून जास्त लागतो. तळाच्या घर्षणात तिची थोडी ऊर्जा खर्च होते. आणि तिची पुढची बाजू उभी होत जाते. लाटेच्या शीर्षाखाली पाणी जास्त खोल असतं, म्हणून शीर्ष पायथ्यापेक्षा जरा वेगाने धावतं. ५०-१०० किलोमीटरांत हा फरक साचत जातो आणि शेवटी फेसाळती पायरी तयार होते. कधी ती एकसंध राहत नाही, तिच्या तोंडाशी आखूड लाटांची माळ सुटते. २६ मे १९८३ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर अशी माळ स्पष्ट दिसली होती. चित्रांत रंगवलेली 'पाण्याची भिंत' ही मुख्यतः अशा उथळ, रुंद मंचांवरची गोष्ट आहे. तीव्र उताराच्या किनाऱ्यावर त्सुनामी बहुधा भरतीसारखीच येते, फक्त सहा तासांची भरती दहा मिनिटांत उरकते.

आता किनाऱ्यावरचा फरक. ११ मार्च २०११ ला जपानच्या सान्रिकू भागात, जिथे डोंगर थेट निमुळत्या खाड्यांत उतरतात, पाणी उतारावर ४० मीटरच्या आसपास चढलं. दक्षिणेला सेन्दाईच्या सपाट मैदानात उंची त्याच्या पासंगालाही पुरली नाही, पण पाणी साधारण ५ किलोमीटर आत शिरलं. भूकंपाच्या स्रोताची ठेवण दोन्हीकडे सारखी नव्हती हे खरं, पण ढोबळ नियम यातून दिसतो : तीव्र किनाऱ्यावर उंचीची भीती, मंद किनाऱ्यावर अंतराची. पहिल्या ठिकाणी थोडं पळून बरंच वर जाता येतं. दुसऱ्या ठिकाणी धावायला जागा भरपूर, चढायला काहीच नाही, म्हणून तिथे आधीपासून हेरून ठेवलेली मजबूत उंच इमारत लागते.

प्रश्न : लाट ज्या दिशेने येते, तिच्या विरुद्ध बाजूला, बेटाच्या आड असलेलं गाव तरी वाचतं ना?

उत्तर : भरवसा नाही. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्या बाजूला वळते. लाटेचंही तसंच आहे. तिचं जे टोक उथळ पाण्यात येतं ते मंदावतं, दुसरं टोक पुढे जातं, आणि पूर्ण लाट उथळाकडे वळते. गोल बेटाच्या भोवती सगळीकडून उथळ कडं असतं, म्हणून लाटेचे दोन हात बेटाला कवेत घेत मागे जातात आणि मागच्या बाजूला एकमेकांवर आदळतात. १२ डिसेंबर १९९२ ला इंडोनेशियात फ्लोरेसजवळच्या बाबी या छोट्या बेटावर लाट उत्तरेकडून आली, उद्ध्वस्त झाली ती दक्षिणेकडची गावं. नंतर प्रयोगशाळेच्या टाकीत शंकूच्या आकाराचं बेट बांधून हेच पुन्हा घडवून दाखवण्यात आलं.

मोठ्या भूभागाच्या आड थोडा आसरा मिळतो, पण तो पुरता नसतो. २००४ ची लाट पूर्वेकडून येत होती, केरळ श्रीलंकेच्या आणि भारताच्या दक्षिण टोकाच्या आड होतं. तरी लाट टोकाला वळसा घालून आलीच आणि कोल्लम जिल्ह्यात आलप्पाडला तिने मोठी हानी केली.

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय की लाटांची शक्ती भूशिरांवर एकवटते आणि उपसागरात विखुरते. त्सुनामीत तर उपसागरच जास्त उद्ध्वस्त होतात. पुस्तक चुकीचं का?

उत्तर : पुस्तक वाऱ्याच्या लाटांबद्दल बोलतं आहे, आणि त्यांच्यापुरतं बरोबर आहे. त्सुनामीही तशीच वळते. समुद्राखालचा डोंगरकणा किंवा भूशिरापुढचा उथळ सोंड भिंगासारखं काम करतो, लाटेचे किरण (तिच्या पुढे जाण्याच्या दिशारेषा) तिथे गोळा होतात. पाण्याखालच्या दरीवर ते फाकतात. फरक उपसागराच्या आत गेल्यावर पडतो. ३०० मीटर लांबीच्या लाटेला पाच किलोमीटरचा उपसागर म्हणजे प्रशस्त अंगण. १२ किलोमीटर लांबीच्या लाटेला तोच उपसागर नरसाळं ठरतो. रुंदी निम्मी झाली की उंची रुंदीच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४ पट वाढते; चौथा भाग झाली की दुप्पट. पहिल्या उत्तरातले २.२ मीटर अशा खाडीत साडेचार होतात. वर खाडीचा तळ चढत गेला तर तो गुणाकार वेगळाच. जपानच्या ओकुशिरी बेटावर १२ जुलै १९९३ ला एका अरुंद घळीत पाणी ३१ मीटरवर पोचलं. तिथली तळाची आणि घळीची ठेवण १ : ४०० प्रमाणात टाकीत उभारली गेली, आणि संगणकी प्रतिरूपांची कसोटी घ्यायला आजही ती मोजमापं वापरतात.

महासागराच्या मधोमधचे कणेही भिंगासारखे चालतात, आणि ते हजारो किलोमीटर लांब असल्यामुळे लाट त्यांच्यावरून पाटातल्या पाण्यासारखी वाहत जाते. कण्यावर वेग कमी, दोन्ही कडांना जास्त. बाहेर निसटू पाहणारी लाट पुन्हा आत वळते. कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीला याचा फटका वारंवार बसतो. मेंडोसिनोची समुद्राखालची कडा पॅसिफिकमधून येणाऱ्या लाटांचा रोख तिकडे वळवते. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपाची लाट तिथे प्राणघातक ठरली, आसपासची कितीतरी गावं त्या मानाने बचावली.

प्रश्न : पहिली लाट सर्वांत मोठी असते ना? मग ती गेल्यावर धोका संपतो असं धरायला काय हरकत?

उत्तर : हरकत हिलोची. २२ मे १९६० ला चिलीत भूकंप झाला. हवाईतल्या हिलो शहरात भोंगे संध्याकाळीच वाजले होते, लाट मध्यरात्रीनंतर आली. पहिलं शीर्ष साधारण १.२ मीटरचं. दुसरं, १२ वाजून ४६ मिनिटांनी, सुमारे २.७ मीटरचं. हे बघून काही लोक निर्धास्त झाले. १ वाजून ४ मिनिटांनी तिसरी लाट उभ्या पायरीसारखी आत शिरली, पाणी १०.७ मीटरपर्यंत पोचलं. ६१ जण गेले.

तिसरी मोठी का? एक कारण उपसागराचं हेलकावणं. बादली उचलून चाललं की पाणी ठरावीक लयीत हिंदकळतं. उपसागराचीही अशी एक लय असते. लांबीची चारपट करा आणि वेगाने भागा. ६ किलोमीटर लांब, सरासरी १० मीटर खोल उपसागर घ्या : २४,००० भागिले ९.९, म्हणजे २,४०० सेकंदांच्या आसपास, ४० मिनिटं. येणाऱ्या लाटांचा आवर्तकाल याच्याशी जुळला की प्रत्येक लाट झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखी आधीच्या हेलकाव्यात भर घालते.

दुसरं कारण रुंद समुद्रबूड जमीन. किनाऱ्यावरून परतलेली लाट खोल पाण्याकडे जाताना उलटी वळते आणि पुन्हा किनाऱ्याकडे येते. अशी अडकलेली लाट किनाऱ्याला समांतर धावत राहते. तिसरं, दूरच्या समुद्री डोंगरांवरून विखुरलेल्या लाटा आडवाटेने उशिरा पोचतात. १५ नोव्हेंबर २००६ ला कुरिल बेटांजवळच्या भूकंपानंतर क्रेसेंट सिटीच्या बंदरात सर्वांत मोठ्या लाटा पहिल्या लाटेनंतर दोन तास उलटून गेल्यावर आल्या आणि धक्के मोडले. तोवर सगळं शांत झालंय, असं वाटायला पुरेसा वेळ होता.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी नकाशावरून लाटेच्या प्रवासाचा वेळ काढायचा आहे. आम्ही सरासरी खोली घेतली, उत्तर बरंच चुकतंय.

उत्तर : चूक सरासरीतच आहे. स्रोतापासून किनाऱ्यापर्यंत रेघ ओढा, तिचे खोलीनुसार तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचा वेग काढा, अंतराला वेगाने भागून वेळ काढा आणि वेळांची बेरीज करा. उदाहरणार्थ, ९०० किलोमीटर ४,००० मीटर खोलीचे, ८० किलोमीटर १०० मीटरचे, शेवटचे २० किलोमीटर २० मीटरचे. पहिल्याला ७६ मिनिटं, दुसऱ्याला ४३, तिसऱ्याला २४. एकूण १४३ मिनिटं. आता तुमच्या पद्धतीने : सरासरी खोली ३,६०८ मीटर, वेग १८८, वेळ ८९ मिनिटं. ५४ मिनिटांचा फरक! शेवटच्या दहा टक्के अंतराने जवळजवळ निम्मा वेळ खाल्ला, आणि सरासरीने नेमका तोच पुसून टाकला. वर वर पाहता ही चूक सुरक्षित बाजूची वाटते. प्रत्यक्षात सांगितलेली वेळ टळून गेली, लाट दिसत नाही, म्हणून लोक खाली परततात.

उथळ भागात तुकडे लहान घ्या. खोली निम्मी झाली की नवा तुकडा, एवढा नियम पुरतो. सरळ रेघ हीच सर्वांत जलद वाट असेल असं धरू नका, खोल पाण्यातून वळसा घेऊन गेलेली लाट आधी पोचू शकते. आणि अंतर केंद्रबिंदूपासून मोजू नका, फाटलेल्या भागाच्या जवळच्या टोकापासून मोजा. २००४ मध्ये तळ हजार किलोमीटरहून जास्त लांबीवर फाटला होता.

प्रश्न : प्रवाळाची रांग किंवा समुद्रातला बंधारा लाट अडवतो का?

उत्तर : अडवत नाही, खर्ची घालतो. सलग, रुंद आणि खडबडीत प्रवाळमंचावर लाट फुटते आणि घर्षणात ऊर्जा जाते. त्यात खिंडार असेल तर पाणी तिथूनच जोराने आत घुसतं आणि खिंडारासमोरच्या वस्तीचं नुकसान जास्त होतं. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जिथे प्रवाळ खणून नेलं होतं तिथे, २००४ मध्ये हे दिसलं.

बंधाऱ्याचं उदाहरण जपानमधल्या कामाइशीचं. ६३ मीटर खोलीपर्यंत गेलेला तो बंधारा २००९ मध्ये पूर्ण झाला, २०११ च्या लाटेने मोडला. तरी नंतरच्या गणितांनुसार त्याने आतली उंची सुमारे १४ मीटरवरून ८ वर आणली आणि सहाएक मिनिटं मिळवून दिली. तो मोडला कसा, हे बघण्यासारखं आहे : पुढे पाणी उंच, मागे खाली, त्यामुळे काँक्रीटच्या पेट्यांवर सतत आडवा रेटा, आणि वरून ओसंडलेल्या पाण्याने मागच्या बाजूचा दगडांचा पाया खरवडून काढला. पेट्या फुटल्या नाहीत, पायावरून सरकल्या.

प्रश्न : सूत्रं इतकी सोपी आहेत आणि संगणक इतके जलद, तर एखाद्या गावात नेमकी किती उंच लाट येईल हे का सांगता येत नाही?

उत्तर : कारण संगणकाला दिलेला तळ खरा नसतो. जगाच्या सागरतळाचा प्रत्यक्ष ध्वनिलहरींनी मोजलेला भाग चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे; बाकीचा उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रपृष्ठाच्या चढउतारांवरून अंदाजलेला. महासागर ओलांडण्यापुरतं ते चालतं. किनाऱ्याजवळ चालत नाही. सर्वत्र मिळणाऱ्या जागतिक नकाशाची चौकट, म्हणजे त्याच्या जाळ्यातलं एक घर, सुमारे ४५० मीटरची असते, आणि बंदराच्या तोंडाची रुंदी तिच्याहून कमी असू शकते. नकाशात मग बंदर बंदच दिसतं. म्हणून किनाऱ्याजवळ १० ते ३० मीटरच्या चौकटीचं वेगळं जाळं बसवावं लागतं. चौकट निम्मी केली की गणितं आठपट होतात, कारण चौकटी चौपट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी घ्यावी लागतात.

आणखी एक चूक नवख्यांच्या हातून हमखास होते. सागरी नकाशातली खोली ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीपासून मोजलेली असते, जमिनीच्या नकाशातली उंची सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्हींमधला फरक भरती-ओहोटीच्या पल्ल्याप्रमाणे एक ते तीन मीटरही असतो. तो न जुळवता दोन नकाशे शिवले की नेमक्या किनारारेषेवर एक खोटी पायरी तयार होते, आणि लाट त्या पायरीवरून परतते. पडद्यावर गाव कोरडं दिसतं.